कंडम झालेलं मशीन बंद होत नाही

गेल्या महिन्यात विहारात आरोग्य बैठक होती. विषय मधुमेहाचा. साखर, पायाची काळजी, गोळ्यांच्या वेळा एवढं बोलून झालं आणि बायका उठायला लागल्या, तेवढ्यात दाराशी उभा असलेला एक मुलगा पुढे आला. वय एकोणीस-वीस, नाक्यावरच्या भंगारच्या दुकानात कामाला. म्हणाला, "ताई, एका बंद पडलेल्या दवाखान्याचं सामान उचलायचंय. मालक म्हणतो त्यात एक्सरेचं मशीन आहे, शिसं भरपूर निघेल. पण ते फोडलं तर कॅन्सर होतो म्हणतात. खरं का?"

त्याचं ऐकून पुढे बसलेल्या एका ताईंनीही विचारून घेतलं. त्यांच्या मालकांना घशाच्या कर्करोगासाठी सरकारी रुग्णालयात शेक चालू आहे. शेजारीण म्हणते, त्यांच्या अंगातून किरण बाहेर पडतात, नातवाला मांडीवर देऊ नका. पंधरा दिवस झाले, आजोबा आणि नातू एका खोलीत राहून लांब लांब बसतात.

त्या दिवशी उभ्या उभ्या उत्तरं दिली. पण दोन्ही प्रश्न एकाच गोष्टीचे आहेत आणि उभ्यानं सांगण्याएवढी ती लहान नाही. म्हणून या महिन्याचं पान त्यासाठी.

आधी ताईंचं उत्तर, कारण घरातली शिक्षा लवकर संपायला हवी. बाहेरून मशीननं शेक दिला, म्हणजे ज्याला कुणी लाईट म्हणतं, कुणी किरण म्हणतं, तर त्या रुग्णाच्या अंगात किरण साठत नाहीत. उन्हात बसून आलेला माणूस घरात येऊन उजेड पाडत नाही, तसंच हे. त्याचं ताट वेगळं नको, अंथरूण वेगळं नको. नातवाला खुशाल मांडीवर द्या. वेगळी गोष्ट काही मोजक्या उपचारांची, त्यातला एक असा. थायरॉईडच्या आजारात किरणोत्सर्गी आयोडीन पोटातून दिलं जातं. ते काही दिवस शरीरात राहतं, लघवीतून, घामातून बाहेर पडतं. तेव्हा लहान मुलं आणि गरोदर बाई यांच्यापासून किती दिवस लांब राहायचं हे रुग्णालयच लिहून देतं. तो कागद पाळायचा. बाकी कुणाला वाळीत टाकायचं कारण नाही, आणि वाळीत टाकणं म्हणजे काय हे या पानाच्या वाचकाला आम्ही सांगायला नको.

आता त्या मुलाचं. एक्सरेचं मशीन हा दिवा आहे. वीज आली की किरण निघतात, वीज तोडली की संपलं. प्लग काढलेल्या एक्सरे मशीनमध्ये किरण शिल्लक नसतात. शिशाची धूळ नाकातोंडात जाते ती वाईटच, शिसं वितळवताना निघणारा धूर त्याहून वाईट, तो वेगळा विषय पुढे कधीतरी घेऊ. पण "हॉस्पिटलचं किरणाचं मशीन" म्हणजे दरवेळी एक्सरेच असतं असं नाही. दुसऱ्या जातीची मशीनं असतात, त्यांच्या पोटात दिवा नसतो, निखारा असतो. कोबाल्ट, इरिडियम, सिझियम अशा धातूंचा. या निखाऱ्याला बटण नाही. मशीन चालू असो, बंद असो, वीज असो नसो, तो रात्रंदिवस किरण सोडतच असतो. शेक "बंद" करणं म्हणजे निखारा विझवणं नव्हे, त्याला शिशाच्या जाड पेटीत परत ढकलणं. मशीनची सगळी सुरक्षा त्या पेटीत आणि ती पेटी सांभाळणाऱ्या माणसांच्या शिस्तीत असते. म्हणून सांगतो, वापरात असलेल्या मशीनपेक्षा कोपऱ्यात विसरलेलं मशीन जास्त घातक. वापरातल्या मशीनकडे रोज कुणीतरी बघत असतं.

हे दिल्लीत घडून गेलं आहे.

पश्चिम दिल्लीत मायापुरी म्हणून भंगाराचा मोठा बाजार आहे. २०१० च्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिथला एक दुकानदार रुग्णालयात दाखल झाला. कातडी काळवंडलेली, केस गळलेले. डॉक्टरांना शंका आली की हे किरणांचं भाजणं आहे आणि त्यांनी अणुऊर्जा नियामक मंडळाला, म्हणजे ज्याला सगळे एईआरबी म्हणतात त्या मुंबईतल्या कार्यालयाला कळवलं. माणसं मीटर घेऊन बाजारात गेली. दुकानांतल्या ढिगाऱ्यातून मीटर बोलायला लागलं.

माग काढल्यावर उगम निघाला दिल्ली विद्यापीठात. रसायनशास्त्र विभागानं कधीकाळी कॅनडाहून संशोधनासाठी 'गॅमासेल' नावाचं यंत्र आणलं होतं. काही टन वजन, त्यातलं बहुतेक शिसं, आणि मध्ये कोबाल्ट-६० च्या पेन्सिलीसारख्या कांड्या. १९८५ पासून ते कुणी वापरलं नव्हतं. पंचवीस वर्षं ते खोलीत पडून राहिलं. २०१० च्या फेब्रुवारीत विद्यापीठानं अडगळीतल्या सामानाचा लिलाव केला, त्यात हेही गेलं. मायापुरीत कामगारांनी ते उघडलं. शिसं वेगळं करायचं, स्टील वेगळं करायचं, हे त्यांचं रोजचं काम. कोबाल्टचे तुकडे झाले. एक छोटा तुकडा एका दुकानदारानं पाकिटात ठेवला, काही शेजारच्या दुकानात गेले, बाकीचे तिथेच पडून राहिले. आठ जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं. पस्तीस वर्षांचा एक कामगार त्याच महिन्यात गेला.

एप्रिलच्या मध्यापर्यंत सगळे तुकडे गोळा करून नरोऱ्याच्या अणुवीज केंद्रात नेले गेले. विद्यापीठाचा किरणोत्सर्गी वस्तू वापरण्याचा परवाना एईआरबीनं स्थगित केला. देशात तेव्हा २००४ चे नियम लागू होते. त्यांत स्पष्ट होतं की असा स्रोत परवान्याशिवाय ना विकता येतो, ना कुणाला देता येतो. वापर संपला की तो जिथून आणला तिथे किंवा सरकारच्या ताब्यात सुरक्षित परत करायचा. नियम होता, कागद होता, शिकलेली माणसं होती. मशीनची ओळख असलेलं मात्र कुणी उरलं नसावं असं आम्हाला वाटतं. आम्ही सरकारी रुग्णालयात असताना डेडस्टॉक रजिस्टर नावाची जाडजूड वही असायची. वर्षातून एकदा एक कारकून यायचा, खुर्च्या, टेबलं, तुटक्या खाटा मोजायचा, आणि कंडम सामानाची यादी काढून निर्लेखनासाठी पाठवायचा. त्या यादीत "लोखंडी यंत्र, नादुरुस्त, एक नग" एवढंच लिहिलेलं असलं तर लिलावाच्या टेबलावर कुणाला काय कळणार?

"पंचवीस वर्षं पडून होतं म्हणजे जोर संपला असेल ना?" त्या मुलानं विचारलेला हा प्रश्न चांगला होता. जोर कमी होतो, पण हिशेबानं. कोबाल्ट-६० चा जोर सुमारे सव्वापाच वर्षांत निम्मा होतो. आणखी सव्वापाच वर्षांत पाव. मग दोन आणे, मग एक आणा. १९८५ ते २०१० या पंचवीस वर्षांत तो जेमतेम पावणेपाच वेळा निम्मा झाला, म्हणजे मूळ जोराचा साधारण सत्ताविसावा हिस्सा उरला. तो हिस्सा माणूस मारायला पुरला. सिझियमचं तर आणखी लांब. त्याला निम्मं व्हायला तीस वर्षं लागतात. आजोबांच्या काळातलं मशीन नातवाच्या हातात पडलं तरी ते जागंच असतं.

चालू मशीन कसं सांभाळतात ते थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्या वस्तीतली बरीच माणसं त्या मशीनच्या आसपास असतात. रुग्ण म्हणून असतात, आणि वॉर्डबॉय, आया, सफाई कामगार म्हणूनही असतात. आम्ही नोकरीत असताना काही वर्षं कर्करोगाच्या वॉर्डात होतो. आमच्या रुग्णांना कोबाल्टच्या खोलीपर्यंत सोडायला आम्हीच जायचो.

त्या खोलीच्या भिंती काँक्रीटच्या, मीटरभराहून जाड. आत जायची वाट सरळ नसते, वळण घेऊन जाते, म्हणजे किरण सरळ दाराशी येत नाहीत. मशीनच्या डोक्यात, शिशाच्या मध्यभागी, दोनेक सेंटिमीटर रुंदीची स्टीलची बंद डबी असते. तिच्यात कोबाल्ट. बटण दाबलं की डबी सरकून खिडकीसमोर येते, वेळ संपली की आपोआप मागे जाते. दार उघडलं तर डबीनं लगेच मागे गेलंच पाहिजे, याला इंटरलॉक म्हणतात. खोलीत एक मीटर भिंतीवर कायम लावलेलं असतं. डबी बाहेर असली की ते लाल दिवा दाखवतं. बाहेर कॅमेऱ्याचा पडदा, आत बोलायला माईक, आणि लाल रंगाचं आणीबाणीचं बटण. आमच्या वेळचा टेक्निशियन रोज सकाळी पहिल्या रुग्णाआधी हे सगळं एकेक करून तपासायचा. शेक चालू करायचा, मुद्दाम दार ढकलायचा, डबी मागे गेली का पाहायचा, दिवा बदलला का पाहायचा आणि वहीत सही करायचा. आम्ही गंमतीनं त्याला म्हणायचो, देवपूजा झाली का? तो चिडायचा. बुद्ध-भीमाचा माणूस, पूजा कसली म्हणायचा, ही तपासणी आहे!

दर महिन्याला फिजिसिस्ट मॅडम यायच्या आणि मशीनचा जोर मोजायच्या. कोबाल्ट दर महिन्याला सुमारे एक टक्का थकतो. म्हणून तोच डोस द्यायला रुग्णाला थोडा जास्त वेळ झोपवावं लागतं. तो हिशेब चुकला तर शेक कमी पडतो आणि गाठ वाढते, किंवा जास्त होतो आणि चांगली कातडी जळते. कोस्टा रिकाच्या सान होसे शहरात १९९६ साली नवा कोबाल्ट बसवल्यावर जोर मोजताना चूक झाली. घड्याळाच्या ०.३ मिनिटाला ३० सेकंद धरलं. खरं तर ते १८ सेकंद होतात. एका दशांश चिन्हामुळे ११५ रुग्णांना जास्त शेक बसला, काहींचा त्यात जीव गेला. देखभाल म्हणजे नुसता पाना आणि ग्रीस नसतो. ती वहीही असते, आणि एकानं केलेला हिशेब दुसऱ्यानं पुन्हा तपासणंही असतं.

कधी कधी डबी मागे जात नाही. अडकते. हे होऊ शकतं हे गृहीत धरूनच माणसं शिकवलेली असावी लागतात. अशा वेळी घाबरून मशीनशी झटापट करायची नसते. आधी आणीबाणीचं बटण. रुग्ण स्वतः उठू शकत असेल तर माईकवरून त्याला बाहेर बोलवायचं. नसेल तर किरणाच्या झोताबाहेरून जाऊन रुग्णाला काढायचं, दार लावायचं, कुणाला आत सोडायचं नाही, किती वेळ गेला ते लिहायचं आणि किरण सुरक्षा अधिकाऱ्याला बोलवायचं. डबी ढकलायला लांब दांडा असतो, तो कुठे टांगलाय हे रात्रपाळीच्या माणसालाही माहीत हवं.

पण मीटर असून उपयोग नाही, त्याच्यावर विश्वास हवा. हे आम्हाला सगळ्यात जास्त चटका लावून गेलं ते अमेरिकेतल्या एका घटनेत. पेनसिल्वेनिया राज्यातल्या इंडियाना गावात १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये एका ८२ वर्षांच्या आजींना शरीराच्या आतून शेक दिला जात होता. यात इरिडियमचा बारीक दाणा तारेच्या टोकाला असतो. तो नळीतून शरीरात जातो, काही मिनिटं थांबतो आणि मशीनमध्ये परत येतो. आपल्याकडे गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगात बायकांना असाच आतून शेक देतात. त्या दिवशी तार तुटली आणि दाणा आजींच्या शरीरातच राहिला. भिंतीवरच्या मीटरनं लाल दिवा दाखवला. पण ते मीटर याआधीही उगाच वाजायचं म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मशीनचा पडदा म्हणत होता, दाणा आत आलाय. हातातलं मीटर रुग्णाजवळ नेऊन तपासायला काही क्षण लागले असते, ते नेलं नाही. आजी वृद्धाश्रमात परत गेल्या. चार दिवसांनी नळी गळून पडली, कचऱ्याच्या लाल पिशवीत गेली. आजी वारल्या. हे उघडकीला आलं ते कचऱ्याच्या गाडीमुळे. जिथे दवाखान्यांचा कचरा जाळतात तिथल्या फाटकावरचं मीटर वाजलं. तोवर नव्वदहून जास्त माणसांना कमी-अधिक किरण लागले होते. त्यांत आश्रमातल्या सेविका होत्या, रुग्णवाहिकेची माणसं होती, कचरा उचलणारे होते.

बिघडलेलं मीटर वेळेवर दुरुस्त केलं असतं तर? आम्ही ज्या ज्या वॉर्डात काम केलं तिथे कुठलं ना कुठलं यंत्र "उगाच वाजतं" म्हणून बंद करून ठेवलेलं असायचंच. सलाईनचा पंप, हृदयाचा मॉनिटर. दुरुस्तीचा अर्ज दिला की महिना जायचा. आम्हीही आवाज बंद करायचो, खोटं का बोलू? ही सवय किरणाच्या खोलीत चालत नाही.

आणखी एक गोष्ट मनात राहून गेली आहे. एका रुग्णालयात, नाव सांगत नाही, आम्ही पाहिलं की डॉक्टर, टेक्निशियन, नर्स सगळ्यांच्या छातीवर टीएलडी बॅज असायचा. अंगाला किती किरण लागले ते तो बॅज टिपतो आणि दर तीन महिन्यांनी तपासायला पाठवतात. त्याच विभागात रोज दोनदा पुसायला जाणाऱ्या कंत्राटी मावशींना ना बॅज होता, ना कुणी पाच मिनिटं बसवून काही सांगितलं होतं. बॅज प्रत्येकीला लागतोच असं नाही. डबी आत असताना पुसून बाहेर येणाऱ्या मावशींना लागणारे किरण फार थोडे असतात. पण कोणता दिवा लाल असताना आत पाय टाकायचा नाही, हे सांगायला पैसे पडत नाहीत. आम्ही विचारलं तर उत्तर मिळालं, "त्या कंत्राटदाराच्या आहेत." किरणाला कंत्राटदार कळत नाही! आपल्या घरातलं कुणी अशा विभागात सफाईला, हमालीला जात असेल तर त्यांनी तिथल्या किरण सुरक्षा अधिकाऱ्याचं नाव विचारावं. असा अधिकारी नेमलेला असावाच लागतो. आणि बाई गरोदर असेल तर लाजू नये, लगेच सांगावं. पोटातल्या बाळासाठी मर्यादा फार कमी आहे, काम बदलून मागणं हा हक्क आहे. साध्या माणसासाठी देशात मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे, किरणाचं काम करणाऱ्यासाठी पाच वर्षांची सरासरी २०. कामावरची मर्यादा जास्त आहे ती त्या माणसावर नजर ठेवली जाते म्हणून. नजर नसेल तर ती मर्यादा लागू करायला नको.

आता पुन्हा भंगाराकडे येऊ. मायापुरी ही काही पहिली घटना नव्हे. ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात १९८७ साली एक शेकाचा दवाखाना जागा सोडून गेला आणि सिझियमचं मशीन मागेच राहिलं. दोघांनी ते भंगार म्हणून उचललं, भंगारवाल्याला विकलं. फोडल्यावर आत पूड निघाली. अंधारात ती निळी चमकायची. लोकांना नवल वाटलं. नातेवाईकांत, शेजाऱ्यांत चिमूट चिमूट वाटली गेली. सहा वर्षांची एक मुलगी ती हाताला लावून जेवली. लोकांना उलट्या, जुलाब सुरू झाले. डॉक्टरांना वाटलं खाण्यातून काही झालं. शेवटी भंगारवाल्याच्या बायकोच्या लक्षात आलं की ही वस्तू घरात आल्यापासून माणसं आजारी पडतायत. तिनं ती पिशवीत भरून बसनं आरोग्य कार्यालयात नेऊन दिली. शहर वाचलं ते तिच्यामुळे. ती स्वतः वाचली नाही, ती मुलगीही नाही. चार जण गेले, २४९ जणांच्या अंगावर किंवा अंगात ती पूड सापडली, लाखाहून जास्त लोकांना मैदानात उभं करून तपासावं लागलं. मुलीला पुरायला नेलं तर जमाव दफनभूमीत आडवा आला, दगड फेकले. शिशाच्या पेटीत बंद केलेल्या सहा वर्षांच्या पोरीला! भीती अपुऱ्या माहितीवर पोसली की माणसं असं वागतात.

किरणाचा घात असा की तो लागताना काहीच कळत नाही. वास नाही, चव नाही, चटका नाही. जास्त किरण लागले तर काही तासांत मळमळ, उलट्या. मग दोन दिवसांत बरं वाटतं, माणूस कामाला जातो. आठवडा-दोन आठवड्यांनी कातडी लाल होते, फोड येतात, काळी पडते, केस पुंजक्यांनी गळतात, हिरड्यांतून रक्त येतं, साधा ताप उतरत नाही, कारण हाडांच्या आतला रक्त तयार करणारा गर मेलेला असतो. डॉक्टरला हे ओळखू यायला एकच किल्ली आहे, रुग्णाचा धंदा. म्हणून भंगार, कचरा, वेल्डिंग, पाइपलाइनच्या कामावरचा माणूस असा आजारी पडला तर केसपेपर काढतानाच सांगा की हा काय काम करतो आणि गेल्या महिनाभरात काही जड, अनोळखी वस्तू फोडली का. डॉक्टरनं विचारलं नाही तरी सांगा. पाइपलाइनचा उल्लेख मुद्दाम केला. वेल्डिंगचा जोड तपासायला इरिडियमचा कॅमेरा वापरतात. पेरू देशात यानांगो इथे १९९९ साली एका वेल्डरनं असा पडलेला तुकडा उचलून पँटच्या मागच्या खिशात ठेवला. त्याचा पाय गेला.

मग ओळखायचं कसं? तीन पात्यांच्या पंख्यासारखी खूण, बहुतेक वेळा पिवळ्यावर काळी किंवा जांभळट. ही खूण घरातल्या पोरांनाही दाखवून ठेवा. पण ती पाहून लोकांना धोका कळत नाही, पंखा वाटतो, म्हणून २००७ साली जास्त धोक्याच्या स्रोतांसाठी दुसरी खूण काढली. लाल त्रिकोणात वरून येणारे किरण, कवटी आणि पळणारा माणूस. जुन्या मशीनवर ती नसणारच, आणि रंग उडालेला, पत्रा निघालेला असू शकतो. म्हणून खुणेवर थांबू नका. आकाराच्या मानानं फार जड वाटणारी वस्तू, बाहेर स्टील आणि आत शिसं, त्या शिशाच्या पोटात जपून बसवलेली छोटी गुळगुळीत स्टीलची डबी किंवा कांडी. शिशात इतकं जपून कुणी साधी वस्तू ठेवत नाही. रुग्णालय, कॉलेजची प्रयोगशाळा, कारखाना इथून आलेलं यंत्र असेल तर दुकानदारानं विकणाऱ्याकडे एकच कागद मागावा, आत किरणोत्सर्गी स्रोत नाही किंवा तो काढून परत केलाय असं लिहिलेला. कागद नसेल तर काट्यावर घ्यायचं नाही. शिशाचे चार पैसे जास्त मिळतील, पण ते कशाचे ते आता वाचलंत.

आणि अशी वस्तू आलीच असेल तर गॅस कटर, हातोडा, छिन्नी काही लावायचं नाही. उचलून पाहायचं नाही, खिशात तर नाहीच. जवळ असलेल्यांनी लांब व्हायचं. अंतर दुप्पट केलं की मारा चौथाईवर येतो, म्हणून दहा पावलं मागे जाण्यालाही किंमत आहे. खोली असेल तर दार लावून घ्या, पोरांना फिरकू देऊ नका, ११२ ला फोन करून "किरणोत्सर्गी वस्तूचा संशय आहे" हे शब्द वापरा. पोलीस ठाण्यातून ते एईआरबीपर्यंत पोचवता येतं. हात लावलेला असेल तर साबणानं हात धुवा, तोवर खायचं नाही, बिडी-तंबाखू नाही. अंगावरचे कपडे काढून पिशवीत बांधून बाजूला ठेवा, जाळू नका. पोलीस आपल्यालाच धरतील ही भीती आम्हाला ठाऊक आहे. म्हणून एकट्यानं जाऊ नका. मंडळाचे दोन-चार जण, एखादी नर्स, वकील असेल तर वकील, असे मिळून जा. आम्हाला बोलावलं तर आम्ही येऊ.

त्या मुलानं दोन दिवसांनी मोबाईलवर फोटो आणून दाखवला. मशीनवर कंपनीचं नाव होतं, भिंतीला जाणारी जाड वायर होती, वर काचेची नळी बसवायची जागा होती. साधं एक्सरेच निघालं. मालकानं दवाखान्याकडून तसं लिहून घेतलं, थोडी कुरकुर करून. शिसं सोलताना तोंडाला फडकं बांध आणि घरी जाण्याआधी हातपाय धू, एवढं आम्ही त्याला सांगितलं. त्या ताईंच्या मालकांचे शेकाचे अजून नऊ दिवस बाकी आहेत. परवा त्यांच्या घरी गेलो तेव्हा नातू आजोबांच्या मांडीवर बसून त्यांच्या मानेवरच्या शाईच्या रेघा मोजत होता. त्या रेघा पुसू देऊ नका, शेक कुठे द्यायचा ते त्यावरून ठरतं, हे तेवढं सांगायचं राहिलं होतं.